तगाई : एका शब्दाची कुळकथा

संकटात मिळणाऱ्या साहाय्याला मराठीत शब्द पुष्कळ आहेत. ‘मदत’ अरबीतून आली, ‘कुमक’ तुर्कीतून. देवाचा ‘धावा’ मात्र आपल्या ‘धावणे’ या क्रियापदाचा. ज्याला हाक मारली त्याने धावत यावे, एवढीच त्यात अपेक्षा. पण आम्हा शेतकऱ्यांच्या घरांत ऐकलेला शब्द निराळाच आहे : तगाई.

हा शब्द ऐकून ‘तगणे’ आठवावे हे साहजिक आहे. तगाई मिळाली की कुणबी तगतो. अर्थ कसा चपखल बसतो! परंतु ही व्युत्पत्ती खरी नव्हे. मूळ शब्द अरबी ‘तकावी’, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे बळ देण्याचा. त्याच धातूपासून ‘कुव्वत’ झाला व तिची आपण ‘कुवत’ केली. म्हणजे कुवत आणि तगाई या बहिणीच ठरतात.

मोगल अमदानीत बी-बियाणे व बैलांसाठी रयतेला मिळणाऱ्या उचलीला हे नाव होते. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेल्या पत्रात हाच विचार आढळतो. गरजू रयतेला बैल द्यावा, धान्य द्यावे. मग व्याज न घेता केवळ मुद्दल, तेही तिच्या अंगी त्राण आल्यावर, हळूहळू वसूल करावे. शब्दाचा मूळ अर्थ इतका नेमका पाळलेला मला अन्यत्र दिसला नाही.

इंग्रजांनी १८८३ व १८८४ साली याचे कायदे केले. पहिला विहिरी, बांध अशा जमीनसुधारणेसाठी. दुसरा बी, बैल आणि आपत्तिनिवारणासाठी. हेतू चांगलाच होता. पण कर्जाला व्याज लागले, हप्ते ठरले, आणि थकबाकी शेतसाऱ्याच्या बाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद झाली. रयतेच्या अंगी त्राण आले की नाही, हे कोण पाहणार?

माझे आजोबा धानाचे शेतकरी. शाळा त्यांना लाभली नाही. त्यांच्या तोंडी तगाई म्हणजे बळ नव्हे, बोजा. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात चढतो तो. ‘कुवत’ हा शब्द ते रोज वापरतात, पण या दोघींचे नाते मी सांगितले तेव्हा त्यांना ते मुळीच पटले नाही. परवा शेजाऱ्याला पायलीभर तांदूळ देताना ते म्हणाले, “तगाई नाही रे बापा, असाच ने.”