तबेल्याचा अडसर
(रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी व कुटुंबात वाचण्यासाठी पाठ)

आपल्याकडे उन्हाळ्यात वावटळ उठते, अंगणात धुळीचा खांब फिरतो, वाळत घातलेले कपडे उडतात आणि थोड्या वेळात सारे शांत होते. अमेरिकेतील टॉर्नेडो दिसतो तसाच, पण त्याची जात निराळी. वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर चढते. टॉर्नेडो प्रचंड गडगडाटी ढगातून खाली जमिनीला टेकतो. समुद्रावरील चक्रीवादळाची खबर काही दिवस आधी मिळते; याची मिळते ती काही मिनिटेच.

घटना

२० मे २०१३, सोमवार. ओक्लाहोमा राज्यातील मूर शहराच्या बाजूला दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी इशारा दिला गेला. २ वाजून ५६ मिनिटांनी वादळ जमिनीला टेकले व ३९ मिनिटे फिरत राहिले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३४० किलोमीटर होता. २४ माणसे मेली. त्यांत एका प्राथमिक शाळेतील ७ मुले होती.

वादळाच्या वाटेत ऑर कुटुंबाची शेतवाडी व तिला लागून शर्यतीच्या घोड्यांचे तबेले होते. तबेले कोसळले. मेलेल्या घोड्यांचा अंदाज तेव्हा ७५ ते १०० असा सांगितला गेला. तेथील एका मोतद्दाराने वादळ जवळ आलेले पाहून काही कप्प्यांचे अडसर काढले, घोडे मोकळे केले व शेवटी स्वतः एका कप्प्यात आसरा घेतला. तो वाचला. पुढे ती शेतवाडीही दुरुस्त होऊन लोकांसाठी पुन्हा उघडली.

आपण काय शिकावे?

१. निर्णय आधीच करावा. अडसर काढावा की नाही? कोंडलेल्या घोड्यावर छप्पर पडते. मोकळ्या घोड्याला उडते पत्रे व वासे लागतात. खात्रीचा मार्ग कोणताच नाही. म्हणून जाणकार सांगतात की, आधीच घोडे मोठ्या कुरणात, विजेच्या तारांपासून दूर सोडावेत. वादळ दारात आल्यावर विचार करायला सवड नसते.

२. माणसाचा जीव आधी. मुक्या जनावराची काळजी हे आपले कर्तव्यच आहे. परंतु घरातील लेकरे आसऱ्याला पोहोचली की नाही हे पाहण्याआधी गोठ्याकडे धावू नये. त्या मोतद्दाराला आम्ही दोष देत नाही. त्याची माया मोठी होती. पण आपल्या मुलांना असे धाडस करायला शिकवू नये.

३. खूण असावी. भेदरलेले जनावर कोसभर पळते. अंगावर धन्याची खूण असली तर ते घरी परतते. आपल्या गाईबैलांनाही हे लागू आहे. पुराचा इशारा मिळताच दावे सोडावे. बांधलेले जनावर गोठ्यातच बुडते.

४. दोष शोधू नये. ईयोबाची गुरे गेली आणि रानाकडून आलेल्या मोठ्या वाऱ्याने त्याच्या मुलांचे घर पाडले. त्याचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर ते खरे मित्र होते. कारणे सांगू लागले तेव्हा चुकले. ज्याचे लेकरू गेले किंवा हाताने वाढवलेला घोडा गेला, त्याला आपण कारण सांगू नये. जवळ बसावे, पाणी द्यावे, पडलेले पत्रे उचलू लागावे.

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न

१. वावटळ व टॉर्नेडो यांत कोणता फरक आहे?
२. आपल्या घरी पंधरा मिनिटांचा इशारा मिळाला तर प्रथम कोणाला हाक माराल? म्हाताऱ्या माणसांना कोण धरील?
३. आपल्या गोठ्यातील दावे अंधारात सोडता येईल का? आज रात्री करून पाहा.