नीरा डावा कालवा : आमची पायी सहल

पौषातली थंडी होती. सकाळी सात वाजता आम्ही सातवीची मुलं-मुली शाळेपुढे जमलो. कोणी मफलर गुंडाळली होती, कोणी आईची शाल पांघरली होती. गुरुजी म्हणाले, "आजचा भूगोलाचा तास कालव्यावर."

भरावावरच्या रस्त्याने आम्ही दोन-दोनच्या रांगेत निघालो. पाण्याच्या बाजूने गुरुजी स्वतः चालत होते. रब्बीचं आवर्तन सुटलं होतं. कालवा काठोकाठ होता आणि पाण्यावर धुकं होतं.

गुरुजींनी माहिती सांगितली. १८७६-७७ साली दख्खनमध्ये फार मोठा दुष्काळ पडला. लोकांना मजुरी मिळावी म्हणून दुष्काळी कामं निघाली. त्यांत हा कालवा होता. टिकाव, खोरं आणि पाटी घेऊन माणसांनी तो खणला. १८८५ साली त्याला पाणी सुटलं. वीरपासून निघून तो बारामती, इंदापूरकडे जातो. लांबी सुमारे १६० किलोमीटर आहे.

'डावा' का म्हणतात? नदी वाहते तिकडे तोंड करून उभं राहा. नीरा पूर्वेकडे वाहते, म्हणून आपली उत्तरेची बाजू डावी. उजवा कालवा पलीकडे फलटण, माळशिरसकडे जातो.

मी विचारलं, "गुरुजी, कालवा असा वाकडातिकडा का?" ते म्हणाले, "पाणी चढ चढत नाही. म्हणून उताराच्या कडेकडेने, अगदी थोडा उतार देत कालवा नेतात. मग खालच्या शेतांना पाणी आपोआप मिळतं."

इंग्लंडमधल्या जुन्या कालव्यांच्या काठीही असाच रस्ता असतो. पूर्वी त्यावरून घोडे चालत आणि दोरीने नावा ओढत. आपला कालवा शेतीसाठी आहे. इथला रस्ता पाटकऱ्याच्या फेरीचा.

मग आम्ही पाण्याचा वेग मोजला. काठावर ३० मीटर अंतर मोजलं आणि पाण्यात वाळलेलं पान टाकलं. त्याला ५० सेकंद लागले. म्हणजे तासाला सुमारे दोन किलोमीटर. वीर इथून कालव्याने साधारण ६० किलोमीटर. तिथलं पाणी आमच्या गावाला यायला एक दिवसाहून जास्त लागतो!

पुढे चारीच्या तोंडाशी पाटकरीतात्या भेटले. त्यांनी शेजपाळी समजावली. शेतकरी सात नंबरच्या फॉर्मवर पाणी मागतो. मग कोणाचं किती क्षेत्र, कोणाला किती तास, हे ठरतं. नियमाने आधी चारीच्या शेवटच्या शेताला पाणी, मग वर वर यायचं. तात्या म्हणाले, "बाळांनो, वर कुणी पाणी अडवलं की खालच्याची पाळी कोरडी जाते. घड्याळ काही थांबत नाही."

हे ऐकून माझं तोंड उतरलं. कारण दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघांनी डुंबायला म्हणून चारीत दगड आणि पोतं घालून पाणी अडवलं होतं. दुपारभर खेळलो. चारीच्या शेवटी एका आजींचं हरभऱ्याचं रान आहे. त्या दिवशी त्यांची पाळी होती. "पाणीच आलं नाही," असं त्या आईला सांगत होत्या. मी ऐकलं, पण गप्प बसलो.

परत येताना मी गुरुजींना सारं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मला सांगितलंस, आता जिचं नुकसान झालं तिला सांग."

संध्याकाळी मी आजींकडे गेलो. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "निम्मं रान वाळलं रं. पुढची पाळी रातीची हाय. कंदील धरायला येशील का?" मी वडिलांबरोबर गेलो. दारं धरताना पाय गारठून बधिर झाले. वडील रात्री दोनला उठून रानात जातात म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

मित्रांनो, चारीत दगड, पोती, कचरा टाकू नका. आपल्याला तो खेळ वाटतो, पण खाली कोणीतरी पाण्याची वाट पाहत असतं. आणि आलेल्या पालकांनाही नम्र विनंती, आपली पाळी संपली की दार वेळेवर बंद करा.