आगाऊ नोंदणी, आमिष जाहिरात आणि ग्राहक

वस्तू बाजारात येण्यापूर्वीच तिच्यासाठी मागणी निर्माण करणे हे आधुनिक विपणनाचे प्रमुख तंत्र आहे. व्हिडिओ गेमच्या उद्योगात ते विशेष ठळकपणे दिसते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २०१२ मध्ये घोषित केलेला ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी विक्रीस आला, तेव्हा सुमारे ८० लाख प्रतींची आगाऊ मागणी नोंदली गेली होती. जुन्या कन्सोलवर तो इतका सदोष निघाला की, आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून पैसे परत देऊ केले.

अर्थतज्ज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन प्रकार मांडले: खरेदीपूर्वी पारखता येणाऱ्या ‘शोध-वस्तू’ आणि वापरल्यावरच कळणाऱ्या ‘अनुभव-वस्तू’. गेम दुसऱ्या प्रकारात मोडतो. जाहिरातीवरील मोठा खर्च हाच दर्जाचा संकेत असतो, असे नेल्सन यांनी १९७४ मध्ये प्रतिपादन केले. कारण निकृष्ट वस्तू ग्राहक पुन्हा घेत नाही आणि तो खर्च भरून निघत नाही. परीक्षार्थी व्याख्या पाठ करतात, पण यामागील पुनर्खरेदीचे गृहीतक विसरतात. विक्री एकदाच व्हायची असेल आणि पैसे आधीच हाती येत असतील, तर हा संकेत निरर्थक ठरतो.

शोध-वस्तूदेखील तयार होण्यापूर्वीच विकली, तर ती पारखणार कशी? नोएडा येथील रिंगिंग बेल्स कंपनीने फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फ्रीडम २५१’ हा स्मार्टफोन अवघ्या २५१ रुपयांत जाहीर केला. पोचवण्याचे ४० रुपये वेगळे. नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले. दाखवलेल्या नमुन्यांवर दुसऱ्याच कंपनीचे नाव झाकलेले आढळले. या किमतीत सुट्या भागांचा खर्चही निघत नाही, हे उद्योगातील जाणकार तेव्हाच सांगत होते. चौकशीचा दबाव वाढल्यावर कंपनीने रकमा परत करून फोन मिळाल्यावर पैसे घेण्याची घोषणा केली. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका वितरकाच्या तक्रारीवरून गाझियाबाद पोलिसांनी कंपनीच्या संचालकास अटक केली.

त्या वेळी ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ लागू होता. स्वतःहून कारवाई करणारे केंद्रीय प्राधिकरण त्यात नव्हते. २०१९ च्या अधिनियमानुसार जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ते १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘आमिष जाहिराती’ची स्वतंत्र व्याख्या आहे: देऊ केलेल्या किमतीत वस्तू पुरवण्याची वाजवी शक्यता नसताना ग्राहकाला खरेदीस प्रवृत्त करणे निषिद्ध आहे.

मात्र घेतलेली आगाऊ रक्कम कोठे ठेवावी, याविषयी ही तत्त्वे काही सांगत नाहीत. त्याच नोएडात सदनिका विकणाऱ्या विकासकाला स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार ग्राहकांकडून आलेली ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते आणि ती केवळ जमीन व बांधकामाच्या खर्चासाठीच काढता येते.