आपला तिरंगी झेंडा



पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेवर झेंडा चढतो. ग्रामपंचायतीवर चढतो. आपण उभे राहतो, वंदन करतो, मुलांना खाऊ मिळतो आणि सगळे घरी जातात. पण झेंड्याला तीनच रंग का? मधलं चाक कसलं? या झेंड्यासाठी कुणी काय सोसलं? घरच्या मुलानं विचारलं, तर आपल्याला सांगता आलं पाहिजे. म्हणून या धड्यात आम्ही झेंड्याची हकीकत सांगतो. सावकाश वाचा.

झेंडा कसा घडला?

हा झेंडा एका दिवसात झाला नाही. १९०७ साली मादाम कामा या धीट बाईंनी जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरी, देशोदेशींच्या लोकांच्या सभेत हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं. त्या झेंड्याचं रूप आजच्याहून निराळं होतं.

पुढे १९२१ साली आंध्रातले पिंगळी व्यंकय्या यांनी बेजवाडा गावी गांधीजींना एक नमुना दाखवला. त्यात तांबडा आणि हिरवा असे दोन पट्टे होते. त्यात पांढरा पट्टा वाढला, चरखा आला. लोक म्हणू लागले, हा रंग या धर्माचा, तो रंग त्या धर्माचा. यातून तंटा वाढला असता. म्हणून १९३१ साली काँग्रेसनं केशरी, पांढरा, हिरवा असे रंग ठरवले आणि स्पष्ट सांगितलं, की हे रंग कोणत्याही जातीधर्माचे नाहीत.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत पंडित नेहरूंनी झेंड्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. चरख्याच्या जागी चाक आलं. का बरं? चरख्याला एका अंगाला चाक आणि दुसऱ्या अंगाला चाती. कापड मागून पाहिलं, की चरखा उलटा दिसतो. चाक मात्र दोन्हीकडून सारखंच दिसतं. हे चाक काशीजवळच्या सारनाथ येथील अशोक राजाच्या खांबावरचं. ते दोन हजार वर्षांहून जुनं आहे. त्याला २४ आरे आहेत.

रंग काय सांगतात?

केशरी रंग त्यागाचा. पुढाऱ्यानं स्वतःचा फायदा पाहू नये, असं तो सांगतो. पांढरा रंग सत्याचा. हिरवा रंग जमिनीचा आणि पिकाचा. सगळ्यांचं पोट त्यावरच आहे. चाक म्हणजे धर्म, म्हणजे न्यायाची वागणूक. चाक फिरतं तोवर गाडी चालते. थांबलं, की गाडी रुतली.

झेंड्यासाठी काय सोसलं?

१९२३ साली नागपुरात साहेब लोकांच्या वस्तीतून झेंडा नेण्यास सरकारनं बंदी केली. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. रोज तुकडी निघे, रोज पकडली जाई. वर्ध्याचे जमनालाल बजाज तुरुंगात गेले, विनोबाही गेले. मग वल्लभभाई पटेलांनी काम हाती घेतलं. अखेर १८ ऑगस्टला त्याच रस्त्यानं झेंडा गेला.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला मुलांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा झेंडा घेऊन पुढे होता. पोलिसांनी गोळी घातली. शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले. आपल्या घरी त्या वयाची मुलं आहेत. त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे झेंड्याची किंमत कळते.

मान कसा राखावा?

पूर्वी सामान्य माणसाला ठरावीक दिवशीच झेंडा लावता येई. २६ जानेवारी २००२ पासून तो कोणत्याही दिवशी घरावर लावता येतो. २०२२ पासून रात्रीही ठेवता येतो. मात्र नियम पाळावेत. केशरी पट्टा वर असावा. झेंडा जमिनीला वा पाण्याला लागू नये. त्यावर काही लिहू नये. फाटका, मळका झेंडा लावू नये. जीर्ण झाला तर चारचौघांत नव्हे, खासगीत, मानानं जाळावा. मुलांचे कागदी झेंडे समारंभानंतर रस्त्यावर टाकू नयेत, गोळा करावेत. चारचौघांत झेंड्याचा अपमान केला, तर १९७१ च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणखी एक गोष्ट सांगतो. काही गावांत सरपंच बाई असतात, पण दोरी ओढायला त्यांचे मालक पुढे होतात. कुठे सरपंचाची जात पाहून लोक नाकं मुरडतात. हे बरं नव्हे. सरपंच बाई असोत की पुरुष, कोणत्याही जातीचे असोत, तो मान त्यांचाच आहे. झेंड्याखाली आपण एका ओळीत उभे राहतो. मग पाणवठ्यावर आणि पंगतीत ती ओळ मोडायची का? झेंड्याला वंदन करायचं आणि शेजाऱ्याला दूर सारायचं, हे वंदन खोटं. ओळ मोडू देऊ नका, म्हणजे झेंड्याचा खरा मान राहील.

वाचून सांगा

१. चरख्याच्या जागी चाक का आलं?
२. नागपुरात सत्याग्रह कशासाठी झाला?
३. हिरवा रंग काय सांगतो?
४. जीर्ण झेंड्याचं काय करावं?
५. तुमच्या ग्रामपंचायतीवर झेंड्याची दोरी कोण ओढतं?