‘सायलेंट नाइट’ आणि उंदरांची गोष्ट



मध्यरात्रीच्या मिस्साला ‘सायलेंट नाइट’ झाले नाही तर अनेकांना नाताळ झाल्यासारखा वाटत नाही. या गीताच्या जन्माची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ऑस्ट्रियातील एका खेड्यात ऐन नाताळात चर्चच्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला, म्हणून तिथल्या फादरांनी घाईघाईने गीत लिहिले आणि ते गिटारवर म्हटले गेले. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना ही गोष्ट फार आवडते. परंतु गोष्ट गोड आहे, हा काही ती खरी असल्याचा पुरावा नव्हे!

पुरावा आहे तो दोन कागदांचा. पहिला १८५४ सालचा. हे गीत नेमके कोणाचे, अशी विचारणा बर्लिनच्या राजदरबारातील संगीतकारांनी साल्झबर्गकडे केली होती. काही जण ते मिखाएल हायडन यांचे समजत. तेव्हा वृद्ध फ्रान्झ झेवियर ग्रुबर यांनी ३० डिसेंबर रोजी खरी हकिगत लिहून दिली. ग्रुबर हे शिक्षक. ओबर्नडॉर्फच्या सेंट निकोलस चर्चमध्ये ते ऑर्गनही वाजवीत. २४ डिसेंबर १८१८ रोजी तेथील सहायक धर्मगुरू योसेफ मोर यांनी त्यांच्या हाती एक कविता दिली आणि दोन आवाज, गायकवृंद व गिटार यांसाठी चाल मागितली. चाल त्याच दिवशी तयार झाली आणि गीत त्याच रात्री गायिले गेले. या निवेदनात उंदरांचे नावही नाही.

दुसरा कागद उजेडात आला १९९५ साली. तो फादर मोर यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील आहे, आणि त्यावर कवितेचे साल दिले आहे १८१६. म्हणजे ती घाईत लिहिलेली नाही. दोन वर्षे त्यांच्याजवळ होती. तेव्हा ते मारियाफार या डोंगराळ गावात होते. नेपोलियनची युद्धे नुकतीच संपली होती. काही वर्षांतच साल्झबर्गचे राज्यकर्ते अनेकदा बदलले होते, आणि १८१६ मध्ये साल्झाख नदी सरहद्द ठरून नदीकाठचे ओबर्नडॉर्फ समोरच्या लाउफेन गावापासून तुटले. शांततेचे गीत अशा दिवसांत लिहिले गेले.

लिहिणारा तरी कोण? योसेफ मोर यांचा जन्म ११ डिसेंबर १७९२ रोजी साल्झबर्ग येथे झाला. आई विणकाम करून पोट भरणारी, अविवाहित. वडील सैनिक, ते पळून गेले होते. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून नाव लागले ते शहरातील जल्लादाचे. पुढे कथीड्रलच्या गायकवृंदातील एका धर्मगुरूंनी या मुलाचा आवाज व बुद्धी हेरून त्याला शिकविले. तरीही धर्मगुरू होण्यासाठी विवाहबाह्य जन्माबद्दल खास परवानगी काढावी लागली. १८१५ मध्ये गुरुदीक्षा झाली.

उंदरांच्या गोष्टीवर माझा राग आहे तो यासाठी. तिने हा माणूस झाकून टाकला. आजही एखादी एकटी आई बाळाला बाप्तिस्म्यासाठी घेऊन आली की मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. तीच माणसे नाताळच्या रात्री डोळे मिटून हे गीत गातात.

पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. ऑर्गन बांधणारे कार्ल माउराखर यांनी गीत झिलरताल खोऱ्यात नेले, तेथील गायक कुटुंबांनी ते गावोगाव पोचविले, आणि १८३९ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये ऐकू आले. फादर मोर यांना त्यातून काही मिळाले नाही. वाग्राइन गावात त्यांनी शाळा उभी राहावी म्हणून झटून काम केले. तेथेच ४ डिसेंबर १८४८ रोजी ते वारले, दरिद्रीच. त्यांचे एकही खात्रीचे चित्र उपलब्ध नाही.

मूळ गीताची कडवी सहा आहेत. बहुतेक ठिकाणी तीनच गातात. गळालेल्या कडव्यांपैकी चौथ्यात येशू भाऊ होऊन जगातील सर्व लोकांना कवेत घेतो, असा आशय आहे. आपल्या गायकवृंदाला मी त्या कडव्याचा मराठी अर्थ लिहून दिला आहे. चालीत बसते का, ते पाहत आहेत.