नव्या कोळ्याची ओळख

चंडीगडजवळ, शिवालिकच्या पायथ्याशी, दगड उलटताच त्याखालून एक तपकिरी कोळी वेगाने पळाला, असे समजू. भक्ष्यासाठी तो जाळे विणीत नाही. दिवसा रेशमी कोशात दडावे व रात्री जमिनीवर शिकार करावी, ही त्याच्या बहुतेक भाऊबंदांची रीत. पोटाच्या टोकाशी सूत काढणाऱ्या पुढच्या दोन नळ्या लांबट व एकमेकींपासून दूर असतील, तर तो बहुधा नॅफोसिडी या भूचर कोळ्यांच्या कुलातील होय.

परंतु त्याची जाती कोणती? येथे रंग फसवा ठरतो. नराच्या तोंडाजवळील स्पर्शपादांची टोके आणि मादीच्या पोटाखालील जननद्वार यांची घडण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. पिल्लात हे अवयव पूर्ण वाढलेले नसतात. म्हणून केवळ पिल्लावरून नवी जाती ठरविणे धोक्याचे.

पुढे तुलना. भारतातील जातींसाठी बी. के. टिकादर यांचा १९८२ चा ग्रंथ उघडावा लागतो. त्यानंतरचे लेखही पाहावे लागतात. कोळ्यांची नावे तर स्वीडनच्या कार्ल क्लेर्क यांच्या १७५७ सालच्या ग्रंथापासून ग्राह्य आहेत. एकाच जातीच्या नराला एक व मादीला दुसरे नाव दिले गेले असेल, तर सामान्यतः आधीचे नाव टिकते.

शेवटी वर्णन छापतात व मूळ नमुना संग्रहालयात जपतात. कारण 'ही जाती नवी' हा एक दावा आहे. तो पुन्हा पारखण्याची वाट पुढील अभ्यासकास मोकळी असली पाहिजे.