विकास आराखड्यातलं मैदान

प्रश्न : आमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला आहे. वॉर्डातलं मैदान नकाशात निवासी दाखवलंय. सामान्य नागरिकांच्या हरकतींना खरंच किंमत असते का?

उत्तर : असते. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. नकाशांतल्या चुकांवर हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो दुरुस्त करण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूपावर हरकत घेण्याचा हक्क कुणालाही आहे. जमीनमालकच असावं लागत नाही. जाहिरातीतली मुदत मात्र चुकवू नका. नगररचना विभागात जाऊन नकाशा स्वतः पाहा, सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक टिपून घ्या, जुन्या आराखड्याशी ताडून पाहा. ‘मैदान वाचवा’ एवढंच लिहून भागत नाही. जागा कोणती, आज तिथे काय आहे, बदल का चुकीचा आणि तुम्हाला नेमकं काय हवं, हे लिहा. फोटो जोडा, पोच घ्या. सुनावणीची संधी लेखी मागा आणि गेल्याशिवाय राहू नका. माझ्या मते लोक इथेच कमी पडतात : सह्या शेकडो, सुनावणीला दोघं.

अंतिम मंजुरी राज्य सरकारची असते. त्या टप्प्यावर मोठे फेरबदल सुचवले गेले, तर त्यांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. ती सूचनाही लक्ष ठेवून वाचा.